हात लावू नये

विज्ञान प्रदर्शन म्हटलं की कचराकुंडी आलीच. साधी नव्हे, स्मार्ट. हात पुढे केला की सेन्सरला कळतं, मोटर कुरकुरते आणि झाकण आपोआप उघडतं. परीक्षक खूश, पालक खूश, पेपरात फोटो. चंदगड तालुक्यातल्या पोराला मात्र एक बारीकशी शंका असते. ती तो बोलून दाखवत नाही, कारण प्रदर्शनात प्रश्न परीक्षकांनी विचारायचे असतात. शंका अशी, की आमच्या घरामागच्या उकिरड्याला झाकणच नाही. मग सेन्सरनं उघडायचं काय?

ही कुंडी पाटणे फाट्यापासून पुण्यापर्यंत सगळीकडं एकच असते. तिच्या शेजारी अंधांसाठी स्मार्ट काठी. काठीशेजारी हेल्मेट घातल्याशिवाय सुरू न होणारी गाडी. पलीकडे ‘प्रदूषण टाळा’ हा देखावा, अर्थात थर्माकोलमध्ये. राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ पासून बंदी आहे, हे पोरांना पाठ असतं. बंदीचा तक्ता त्यांनीच थर्माकोलवर चिकटवलेला असतो.

केंद्राच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवड झाली तर कल्पना प्रत्यक्षात आणायला पोराच्या बँक खात्यात १० हजार रुपये येतात. योजना चांगलीच आहे. पण कल्पना कुणाची? व्हॉट्सअॅप ग्रुपवरची, मागच्या वर्षी जिल्ह्याला गेलेल्या पोराची, नाहीतर पुण्यात इंजिनिअर असलेल्या मामाची. मामा सोल्डरिंग करतो, बाबा रंग देतात, आई बेळगावातून चमकीचा कागद आणते. विद्यार्थ्याचा वाटा म्हणजे एसटीत प्रकल्प मांडीवर धरून बसणं. तेवढं मात्र खरोखर त्याच्या हातचं.

तर आता सरकारनंच पोरांच्या हाताला काम द्यायचं ठरवलं आहे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली २०१६ पासून शाळांत अटल टिंकरिंग लॅब निघाल्या. सहावी ते बारावीच्या पोरांनी यायचं, खोलायचं, जोडायचं, बिघडवायचं आणि परत जोडायचं. एका शाळेला २० लाख. त्यातले १० लाख उभारणीला, १० लाख पाच वर्षं चालवायला. देशात अशा १० हजार लॅब झाल्या. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५० हजार काढायची घोषणाही झाली.

मूळ नियमांत खोली १५०० चौरस फुटांची मागितली होती. डोंगराळ राज्यांना सवलत, त्यांना १००० चालते. चंदगडला सवलत नाही. पारगड आहे, गंधर्वगड आहे, महिपालगड आहे, कलानिधीगड आहे. पण महाराष्ट्र हे डोंगराळ राज्य नाही, तेव्हा आमचे डोंगर सरकारी हिशेबात सपाट. पावसाळ्यात न गळणारी १५०० चौरस फूट जागा तालुक्यात शोधायला निघालात, तर आधी मंगल कार्यालयंच सापडायची.

बरं, समजा लॅब मिळाली. थ्रीडी प्रिंटर आला, आर्डुइनो आले, सेन्सरचे डबे आले. आल्या दिवशीच सगळं डेडस्टॉक रजिस्टरला चढतं, आणि जे रजिस्टरला चढलं ते पोराच्या हाती उतरत नाही. कारण मोडलं तर निर्लेखन, निर्लेखनाला प्रस्ताव, प्रस्तावाला त्रुटी. मुख्याध्यापक निवृत्त व्हायच्या बेतात आले की किरकोळ मल्टीमीटर त्यांच्या पेन्शनच्या कागदांना आडवा येतो. त्यांना दुष्ट ठरवायचं कारण नाही. मोडलेल्या वस्तूचा जाब विचारणारे पुष्कळ आहेत. पाच वर्षं खोक्यातून न निघालेल्या वस्तूचा जाब कुणीच विचारत नाही. शहाणा माणूस खोकं उघडेल कशाला?

म्हणून लॅबची किल्ली मुख्याध्यापकांकडं, आणि मुख्याध्यापक मीटिंगला. कपाटाची किल्ली विज्ञानाच्या सरांकडं, आणि सर बीएलओ म्हणून मतदार याद्या घेऊन वाड्यावस्त्यांवर. दार उघडतं ते साहेब येणार असले की. पांढरे कोट घातलेली पोरं टेबलामागं रांगेत. भिंतीवर मोठ्या अक्षरात ‘करून शिका’, आणि टेबलावर छोट्या अक्षरात ‘हात लावू नये’.

“सर, उघडून बघू काय?”

“बंद पडलं तर?”

“मग दुरुस्त करायला शिकू की.”

“ते सिलॅबसमध्ये नाही.”

थ्रीडी प्रिंटरचं चंदगडशी तसंही फारसं पटत नाही. त्याची प्लॅस्टिकची तार हवेतली ओल शोषते. ओली तार तापलेल्या नळीत गेली की चरचरते, तिला बुडबुडे येतात आणि छापलेल्या वस्तूला बारीक केस फुटतात. आमच्याकडं जून ते सप्टेंबर हवा कशी असते, ते डब्यातल्या पापडाला विचारा. त्यात तासा-दोन तासांच्या छपाईत लाईट एकदा तरी जाणारच. एवढ्या सगळ्यातून तरून शेवटी बाहेर काय येतं? कीचेन. शाळेचं नाव कोरलेलं, पाहुण्यांना द्यायला.

यात प्रिंटर बिचारा काय करणार? सांगितलं ते छापतो. त्याला काम सांगायला कुणी तयार नाही, आणि चंदगडात कामांचा दुष्काळ तर मुळीच नाही.

पाऊसच घ्या. पश्चिमेला पारगड-तिलारीकडं आभाळ फाटलेलं असतं, तेव्हा पूर्वेला कोवाड-कालकुंद्रीकडं माणसं छत्री मिटून चाललेली असू शकतात. तालुका एक, पावसाळे दोन. सरकारी मोजणी मात्र महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर. तिथं २४ तासांत ६५ मिलिमीटर भरला की अतिवृष्टी, मग पुढं पंचनामे. ६४ वर थांबला, तर तुमचं भाताचं रोप स्वखुशीनं वाहून गेलं असं समजायचं.

आता यावरचा प्रकल्प. सरळ अंगाची, दोन लिटरची बाटली घ्या. लहान घेऊ नका, आमच्याकडं पुरायची नाही. वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा तोंडावर बसवा, नरसाळं तयार. बाटलीचा तळ खालीवर असतो, म्हणून खाली खडे टाका आणि शून्याच्या रेघेपर्यंत पाणी भरा. बाहेरून पट्टी चिकटवा. नरसाळ्याचं तोंड आणि बाटलीचं अंग एकाच रुंदीचं असल्यामुळं पाणी जितके मिलिमीटर चढेल तितका पाऊस. रुंदी वेगवेगळी झाली तर क्षेत्रफळांचं गुणोत्तर काढावं लागेल. तेव्हा गणिताच्या सरांना बोलवा. वर्तुळाचं क्षेत्रफळ कशासाठी शिकायचं, हे त्यांनाही एकदा उदाहरणासकट सांगता येईल.

रोज सकाळी साडेआठला नोंद करायची, पाणी शून्याच्या रेघेवर आणायचं. गावागावांच्या शाळांत एकेक बाटली ठेवली, तर चार महिन्यांत तालुक्याच्या पावसाचा नकाशा पोरांच्या वहीत. खर्च जवळजवळ नाही. अडचण एकच, हा प्रकल्प खरा निघेल. सातवीतली पोरगी उभी राहून “साहेब, तुमच्याकडं ५० लिहिलाय, आमच्या गावात ९० पडला” म्हणाली, तर तिला उत्तेजनार्थ बक्षीस देऊन वाटेला लावता येत नाही.

किंवा काजू घ्या. बी फोडणाऱ्या बायकांच्या बोटांना टरफलातलं तेल लागतं. कातडी काळी पडते, सोलवटते. साधा हातमोजा घातला की बारीक कामाची पकड सुटते. मग फक्त बोटांची टोकं झाकणारी, प्रत्येकीच्या मापाची टोपी कुणी करून बघायची? इथं बोलवा थ्रीडी प्रिंटरला. कीचेन छापून तोही कंटाळला असेल.

किंवा गवा घ्या, हत्ती घ्या. हत्ती कर्नाटकातून येतात, मन मानेल तेव्हा परत जातात. सीमाप्रश्न त्यांच्यापुरता सुटलेला आहे. इकडं शेतकरी माळ्यावर बसून डबा बडवत रात्र काढतो. कुंडीच्या झाकणावरचा सेन्सर काढून बांधावर लावून बघायला काय हरकत आहे? पहिल्या रात्री गवा दचकेल. तिसऱ्या रात्री सरावेल. मग आवाज बदला, दिवा लावा, जागा हलवा, वही काढून लिहा आणि परत हरा. याला प्रयोग म्हणतात. कचराकुंडी पहिल्याच दिवशी चालते, म्हणून तिच्यापासून कुणी काही शिकत नाही.

‘हे सगळं बोलायला ठीक’ म्हणणाऱ्यांसाठी पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, पाबळ नावाचं गाव आहे. पाऊस कमी, म्हणजे आमच्या उलट. हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधकाचं काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथं विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली पोरं तिथं वेल्डिंग करायला लागली, भिंती बांधायला लागली, वायरिंग करायला, कोंबड्या पाळायला लागली. गावाला लागणारी कामं ती दाम घेऊन करून द्यायची. म्हणजे परीक्षक कोण, तर गिऱ्हाईक. त्याला स्मार्ट-बिर्ट काही नको असतं. दाराची कडी बसली पाहिजे, नाहीतर पैसे मिळत नाहीत.

हाच अभ्यासक्रम पुढं ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या नावानं एसएससी बोर्डाच्या शाळांत गेला. अमेरिकेतल्या एमआयटीचे नील गर्शेनफेल्ड फॅब लॅबची, म्हणजे हवं ते स्वतः बनवून बघायच्या कार्यशाळेची, कल्पना आपल्या आवाराबाहेर नेत होते, तेव्हा २००२ मध्ये अगदी सुरुवातीच्या ठिकाणांत पाबळचा नंबर लागला. एमआयटीला अमेरिकेतून पाबळ सापडलं. आपल्या लोकांना ते अभ्यासदौऱ्यात सापडतं. जाताना नाश्ता, तिथं ग्रुप फोटो, येताना रांजणगावचा गणपती.

तसं पाहिलं तर यात नवीन काहीच नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींची नयी तालीम आली. १९६६ मध्ये कोठारी आयोगाचा कार्यानुभव आला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीचं समाजोपयोगी उत्पादक कार्य आलं. मग २०१६ मध्ये टिंकरिंग. दर पिढीला त्याच पोराचं नवं बारसं. घुगऱ्या वाटून झाल्या की पोर परत पाळण्यात. मधल्या काळात कार्यानुभवाचा तास गणिताला गेला, आणि फुलदाणीचे गुण सगळ्यांना सारखेच पडले.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात तर सहावी ते आठवीच्या पोरांनी दहा दिवस दप्तर ठेवून सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली शिकावं असं म्हटलं आहे. कागदोपत्री हे लोक आता स्थानिक तज्ज्ञ. चांगलं झालं. फक्त त्या तज्ज्ञाच्या पोराला वर्गात “शिक, नाहीतर बापासारखा रंधा मारत बसशील” असं सांगायचं आधी थांबवावं लागेल. तोच बाप अकराव्या दिवशी शाळेत आला, तर त्याला शिपाई फाटकापाशीच ‘काय काम आहे?’ विचारतो. काम शिकवायला आलोय म्हणावं, तर तेवढे दहा दिवस संपलेले.

शिक्षण खात्याचा वेळ वाचावा म्हणून शासन निर्णयाचा मसुदा इथंच देऊन ठेवतो.

१. लॅबची किल्ली सातवीच्या वर्गाकडं राहील. मुख्याध्यापकांना हवी असल्यास त्यांनी वर्गाकडं रीतसर अर्ज करावा.

२. वर्षअखेर एकही वस्तू न मोडलेल्या शाळेकडून लेखी खुलासा मागवण्यात येईल.

३. स्मार्ट कचराकुंडीस पाच वर्षं प्रदर्शनबंदी. अपवाद म्हणून, कुंडीतला कचरा पुढं कुठं जातो हे जी शाळा दाखवील तिला परवानगी.

४. परीक्षक ‘यात कोणता सेन्सर?’ असं विचारणार नाहीत. ‘हे कुणाला लागतं, आणि त्यानं वापरून बघितलं काय?’ एवढंच विचारतील.

५. मामांसाठी स्वतंत्र खुला गट ठेवण्यात येईल. त्यांना ढालही मिळेल.

हा मसुदा कुणीही आपल्या नावावर खपवावा, हरकत नाही. एकच विनंती, त्यावर समिती नेमू नका. समितीला बसायला कोरडी खोली लागते. ती शाळेत एकच असते, आणि तिथं पोरांना काम आहे.