श्रीयुत चाळीस टक्के यांसी खुले पत्र

श्री. चाळीस टक्के,
मुक्काम: शासन निर्णय, परीक्षेची माहितीपुस्तिका आणि टेबलावरची काच (खालची बाजू).



आपली प्रकृती ठणठणीत असणार. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाची किमान अट म्हणून जन्मलात, तेव्हापासून आपण एका टक्क्यानेही हललेला नाहीत. सरकारे आली-गेली, अपंगाचे दिव्यांग झाले, आपण मात्र चाळीसचे चाळीस.

मी कळवणचा. मक्याच्या मळणी यंत्रात उजव्या हाताची काही बोटे गेली. वैद्यकीय मंडळापुढे उभा राहिलो. डॉक्टरांनी हात उलटासुलटा केला, राहिलेल्या बोटांना कोन मोजायची पट्टी लावली, मूठ आवळायला सांगितली, ती आवळेना, ते लिहून घेतले आणि कागदावर आकडा आला 38. दोन कमी पडले, साहेब. आणखी एखादे पेर यंत्राला दिले असते तर आपली गाठ पडली असती. घाईघाईत हात बाहेर ओढला, चूक माझीच.

मग पांढऱ्या पट्टीचे दिव्यांग ओळखकार्ड आले. पिवळे चाळीसपासून पुढे, निळे ऐंशीपासून पुढे. पांढऱ्याचा अर्थ असा, की तुम्हाला त्रास आहे हे सरकारला मान्य आहे, तो तुम्ही आपापसात मिटवा. एसटीतली 75 टक्के सवलत आपल्या ओळखीच्यांना. मी नाशिकला पूर्ण तिकीट काढून जातो आणि उभा राहून डाव्या हाताने दांडी धरतो.

एवढ्यावर मी पत्र लिहायला बसलो नसतो. राखीव जागा मोजक्या, सवलतीला पैसा लागतो, रेघ कुठेतरी मारावी लागते. हे न्यायालयेही मानतात आणि मीही मानतो. पण 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आपण वाचलेला दिसत नाही. 19 एप्रिल 2017 पासून तो लागू आहे. त्यात दिव्यांग व्यक्तीच्या व्याख्येत आपले नावच नाही. दीर्घकाळचे न्यून आणि समोरचे अडथळे, या दोघांच्या गाठीने ज्याला चारचौघांसारखे वावरता येत नाही, तो दिव्यांग. भेदभाव करू नये असे सांगणाऱ्या कलम 3 मध्येही टक्केवारी नाही. आपल्याला राखीव जागांसारख्या ठरावीक ठिकाणांपुरती ओसरी दिली होती. आपण स्वयंपाकघरापर्यंत आलात.

एका भरती परीक्षेत मी तासाला वीस मिनिटे जादा मागितली. डाव्या हाताने लिहितो, पण सावकाश. टेबलावरच्या भाऊसाहेबांनी माझे कार्ड पाहिले, मग काचेखाली आपल्याकडे पाहिले. म्हणाले, "बसत नाही." मी पिशवीतून निकाल काढला. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग, 11 फेब्रुवारी 2021. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता, त्याला लेखनिक हवा होता आणि आयोगाने आपल्याकडेच बोट दाखवले होते. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, आरक्षणाची अट आरक्षणापुरती. वाजवी सोय हा प्रत्येक दिव्यांगाचा हक्क आहे, तिला चाळीसची चाळणी लावता येणार नाही.

भाऊसाहेबांनी पहिले पान वाचले. "हे दिल्लीचं झालं. आमच्याकडे तसं पत्र नाही."

पत्र होते, बरे का. त्या निकालानंतर केंद्राने 10 ऑगस्ट 2022 रोजी काढलेले, चाळीसच्या आतल्या पण लिहायला अडचण असणाऱ्या उमेदवारांसाठीच. दिल्लीहून कळवणला यायला किती वेळ लागतो, हे त्या पत्रालाच ठाऊक. फेब्रुवारी 2025 मध्ये गुलशन कुमार या उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला हेच पुन्हा सांगावे लागले. एकच गोष्ट दोनदा सांगायला लावणे, हा आपला पराक्रम साधा नाही.

आणि आपला खरा कळस तर वैद्यकीय प्रवेशात होता. 2024 मध्ये नियम असा होता: वाचा आणि भाषेचे न्यून चाळीसच्या आत असेल, तर मुलगा डॉक्टर होऊ शकत होता, पण राखीव जागा नव्हती. चाळीस किंवा वर असेल, तर प्रवेशालाच अपात्र. म्हणजे खाली आला तर पुरेसा दिव्यांग नाही आणि वर गेला तर जरा जास्तच दिव्यांग. आपल्या दोन्ही बाजूंना खड्डा. आपल्या महाराष्ट्राचा ओंकार गोंड 44-45 टक्के घेऊन त्यात पडला. पहिल्या मंडळाने मुलाला काय जमेल हे न सांगता नियम काय म्हणतो तेवढे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या मौलाना आझाद महाविद्यालयाच्या मंडळाकडून पुन्हा तपासणी करवली. ते म्हणाले, शिकू शकतो. सप्टेंबर 2024 मध्ये प्रवेश मिळाला आणि 15 ऑक्टोबरला कारणांसह निकाल आला: नुसता आकडा पाहून कुणाला दाराबाहेर काढायचे नाही, हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम करू शकेल का, ते मंडळाने तपासायचे. न्यायमूर्तींनी बीथोव्हनचेही नाव घेतले. आपल्या हाताखाली बीथोव्हन आला असता तर त्याला काय शेरा मिळाला असता, मला कल्पना आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने तर 2009 मध्येच वाट दाखवली होती. मूत्रपिंड बदललेल्या उमेदवाराला स्टेट बँक अधिकारीपदावर घेईना, औषधपाण्याचा खर्च अंगावर येईल म्हणून. 'वाजवी सोय' तेव्हा आपल्या कायद्यात नव्हती. न्यायालयाने ती भारताने 2007 मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातून घेतली आणि विचारले, हा बोजा खरोखर पेलण्यापलीकडचा आहे का? तिथे टक्केवारीचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे आपल्याला बोलावणे गेले नसावे.

एक बाब आपल्या बाजूने मांडतो. लबाडी रोखायला आपण हवेत, असे सगळे म्हणतात. फक्त बनावट प्रमाणपत्र करणारा 38 चे कधी करत नाही. तो आपल्याला ओलांडूनच येतो, आणि आपण उठून त्याला वाट देता.

असो. परीक्षा मी दिली. शेवटचे आठ प्रश्न कोरे राहिले.

आपला,
दोन टक्क्यांनी परका,
एक कळवणकर

ता. क. सोबत 10 ऑगस्टच्या पत्राची झेरॉक्स जोडली आहे. काच उचलतील तेव्हा आपल्या शेजारी ठेवून घ्यावी. जागा होत नसेल तर आपण थोडे सरकावे.