आडवे-उभे

त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत ते कुणी वापरत नाही. सगळे त्यांना 'आडवे-उभे' म्हणतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते सकाळी साडेसहाला पेपरवाल्याची वाट बघत दारात उभे असतात. पेपर आला की अग्रलेख, निधनवार्ता, राशिभविष्य सगळं काकूंच्या हवाली आणि कोड्याचं पान यांच्या. एक पेन्सिल हातात, दुसरी कानावर, खोडरबर सदऱ्याच्या खिशात. पेनानं कोडं सोडवणारा माणूस त्यांच्या मते उद्धट असतो.

असा एक नमुना प्रत्येक इमारतीत असतोच. जिन्यात गाठ पडली तर तो "काय, बरं आहे ना?" म्हणत नाही. "तीन अक्षरी, मधलं 'र', अर्थ घोडा," म्हणतो. एकदा दुधाची पिशवी सांभाळत मी पटकन "तुरग" म्हणून मोकळा झालो. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. माझं काय चुकलं, ते तेव्हा कळलं नाही.

कोड्यांनी शब्दसंग्रह वाढतो म्हणतात. यांचा जरा जास्तच वाढलाय. आमच्याकडे तळमजल्यावर राजीव, पहिल्यावर पंकज आणि दुसऱ्यावर नीरज राहतो. यांच्या डोक्यात तिघं एकाच खणात: कमळ, तीन अक्षरी. त्यामुळे राजीवचं विजेचं बिल ते पंकजच्या दारात सरकवतात आणि पंकजच्या साखरपुड्याचं अभिनंदन नीरजचं करतात, तेही त्याच्या बायकोसमोर. चौथ्या मजल्यावरच्या अरविंदच्या बाबतीत मात्र कधी घोटाळा होत नाही. तो चार अक्षरी.

२१ डिसेंबरला त्यांच्याकडे शब्दकोड्याची जयंती असते. १९१३ साली याच दिवशी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये आर्थर विन यांचं पहिलं शब्दकोडं छापून आलं. ते चौकोनी नव्हतं, शंकरपाळ्याच्या आकाराचं होतं. म्हणून त्या दिवशी काकूंना शंकरपाळे तळावे लागतात. दिवाळीचे संपून महिनासुद्धा झालेला नसतो.

वेलांटीचा प्रश्न तर त्यांनी स्वतःच्या शिरावर घेतलाय. आडवा शब्द 'कविता', उभा शब्द 'रवी', आणि दोघांत मिळून घर एक. तिथे वेलांटी पहिली द्यायची की दुसरी? पेपरांना पाठवलेल्या पत्रांची एक जाडजूड फाईल झाली, उत्तर एकही आलं नाही. शेवटी त्यांनी स्वतःच तोडगा काढला: दोन्ही द्यायच्या. आता त्यांच्या कोड्यातला 'व' दोन्ही हातांत छत्र्या धरून पावसात निघाल्यासारखा दिसतो.

गेल्या वर्षी लंडनच्या भाच्यानं त्यांना 'केन्स जॉबोन' नावाचं पुस्तक आणून दिलं आणि काकूंचा हॉल गेला. हे पुस्तक 'ऑब्झर्व्हर'मध्ये 'टॉर्केमाडा' या टोपणनावानं कोडी रचणाऱ्या एडवर्ड पॉविस मॅदर्स यांचं, १९३४ सालचं. पानं शंभर, खून सहा, आणि पानं मुद्दाम भलत्याच क्रमानं छापलेली. खरा क्रम लावायचा, मग कुणी कुणाला मारलं ते सांगायचं. शंभर पानं किती प्रकारांनी लावता येतील, तो आकडा १५८ अंकी होतो. त्या काळी दोघांनीच ते सोडवलं. २०१९ साली पुस्तक नव्यानं निघालं, तेव्हा जॉन फिनेमोर या ब्रिटिश विनोदी लेखकाला ते जमलं, तेही लॉकडाऊनमध्ये घरी बसायला मिळालं म्हणून.

आडवे-उभ्यांना घरी बसायला लॉकडाऊन लागत नाही. त्यांनी पानं कापून सोफ्यावर, टीव्हीवर, देव्हाऱ्याच्या पायरीवर मांडली. पंखा बंद, पाहुणे बंद. चार महिने काकू घामाघूम होऊन स्वयंपाकघरात बसून मालिका मोबाईलवर बघत होत्या. "सहा खुनी सापडतील तेव्हा सापडतील," त्या आमच्या सौ.ला म्हणाल्या, "सातवी मी."

मग एका दुपारी दोघं लग्नाला गेले. कामाच्या ताई किल्ली घेऊन आल्या, हॉलची दशा बघून हळहळल्या आणि पदर खोचून कामाला लागल्या. पानांवर आकडे छापलेले होतेच. आडवे-उभे परतले तेव्हा टीपॉयवर नीट चळत होती, वर पेपरवेटही.

"काका, सगळी उलटीपालटी झाली होती. एक ते शंभर लावून ठेवलीत बघा. एक पण हरवलं नाही."

आडवे-उभे मटकन खाली बसले. मी समाचाराला गेलो तेव्हा चेहरा सुतकी होता. चहा झाला, शंकरपाळेही झाले. मग हळूच माझ्याकडे सरकून म्हणाले, "खरं सांगू? माझं निम्मं होत आलं होतं. रात्री झोप लागेना. संपल्यावर पुढे काय, या काळजीनं." दुसऱ्या दिवशी सोफा, टीव्ही आणि देव्हाऱ्याची पायरी पुन्हा भरली. गडी इतका खुशीत होता की राजीवला चक्क राजीव म्हणाला.

तेव्हा मला माझ्या 'तुरग'चा गुन्हा उमगला. भुकेल्याच्या पानातला घास मी उचलून खाल्ला होता. उत्तर हे कोड्याचं निधन असतं आणि मी ते जिन्यात, चपला घालून जाहीर केलं होतं.

तुमच्याही इमारतीत आडवे-उभे असतील. उद्या ते जिन्यात अडवून तीन अक्षरी कमळ विचारतील. उत्तर येत असलं, तरी डोकं खाजवा आणि म्हणा, "नाही बुवा आठवत."