ओकांची आत्या

माझी बायको ओकांची लेक. लग्न होऊन सहस्रबुद्ध्यांकडे आली, म्हणजे दोन अक्षरांतून एकदम पाच अक्षरांत. अर्जावरचे चौकोन संपतात आणि शेवटचा 'द्धे' बाहेर उभा राहतो, ही माझ्या घराण्याविषयीची तिची जुनी तक्रार आहे. माहेरच्या आडनावाची काळजी मात्र तिनं कधी सोडली नाही. ओकांच्या घरात पाळणा हलायची चिन्हं दिसली की ती आत्या म्हणून उभी राहते, आणि ती उभी राहिली की बाकीच्यांनी बसून घ्यायचं असतं.

अशी आत्या प्रत्येक कुळात एक तरी असते. बारशाला पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात 'कुर्र' करण्याचा मान तिचा, त्याबद्दल पाठीत बसणारे धपाटेही तिचेच. बहुतेक आत्या एवढ्यावर समाधान मानून साडी घेऊन घरी जातात. काहींना मात्र नाव नुसतं सांगायचं नसतं, ठरवायचं असतं. त्यात आडनाव आखूड असलं की विचारूच नका. लेले, नेने, खेर, दाते, ओक, पै. लांब आडनावाचं काही बिघडत नाही, असं हिचं म्हणणं. पुढे काहीही लावा, सहस्रबुद्धे येईपर्यंत ऐकणारा ते विसरलेला असतो. आखूड आडनाव नावाला जाऊन बिलगतं आणि समोरच्याला तिसरंच काही ऐकू येतं. "नेन्यांकडे सीता ठेवून बघा," ती म्हणते, "हाक मारली की रावणाला आमंत्रण!"

ओकांची अडचण त्याहून मोठी. आडनाव सरळसरळ आज्ञार्थी क्रियापद आहे, त्यामुळे आधी येणारं नाव आपोआप त्याचं कर्म होतं. कविता हे किती चांगलं नाव. पण ओकांच्या घरात ते ठेवलं की मुलीला जन्मभर कविसंमेलनाचं निमंत्रण आल्यासारखं वाटणार. विद्या तर नकोच, परीक्षेच्या दिवसांत ते नाव नसून सूचना ठरेल. हा धोका टाळून पुढे गेलात तर व्याकरण आडवं येतं. बायकोनं शाळेत बरीच वर्षं संस्कृत शिकवलं आहे, त्यामुळे तिला दोन स्वर शेजारी बसलेले बघवत नाहीत. आ आणि ओ मिळून औ, म्हणून मीरा ओक म्हणजे मीरौक. ई आणि ओ मिळून यो, म्हणून गौरी ओक म्हणजे गौर्योक. आपल्याकडच्या मुलींची बहुतेक नावं आ नाही तर ई वर संपतात, तेव्हा निम्मं शब्दभांडार इथेच बाद. मग शीतल, सोनल, कोमल घ्यावं तर ल आणि ओक मिळून लोक होतो. भूलोक, स्वर्लोक, सत्यलोक यांच्या रांगेत आणखी एक शीतलोक. (ऐकायला वाईट नाही. उन्हाळ्यात राहायला जावंसं वाटतं.)

तीस-एक वर्षांपूर्वी भावाला मुलगा झाला तेव्हा सगळ्यांनी एकमुखानं यश ठरवलं होतं. हिनं ते एकदाच मोठ्यानं म्हटलं, "यशोक", आणि चौदा माणसं जेवत होती ती गप्प झाली. 'शोक' सगळ्यांना ऐकू आला होता. मग हिनं चार अक्षरी, शेवटी भरभक्कम जोडाक्षर असलेलं नाव काढलं. ओकाला टेकलं तरी चिकटत नाही, असं. तेच त्या मुलानं लावलं, त्यावर तो शिकला, नोकरीला लागला, आणि परवा त्यालाच मुलगी झाली. त्याला बहीण नाही. म्हणून मान पुन्हा हिच्याकडे.

गुरुजींनी पंचांग पाहिलं. हस्त नक्षत्र, तिसरा चरण. अवकहडा चक्रात 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे 108 चरणांना अक्षरं वाटून दिलेली. हस्ताची पू, ष, ण, ठ. आमच्या वाट्याला आला ण. मराठीत ण वरून मुलीचं नाव सोडा, साधा शब्द सुरू होत नाही. गुरुजी मुरलेले होते, "न चालवून घेऊ" म्हणाले. मला उलट हायसं वाटलं. एक चरण साधारण सहा तासांचा. पोरीनं आणखी थोडा वेळ घेतला असता तर ठ आला असता, आणि ठ वरून ठमाबाई सोडून काय सुचतं?

एव्हाना आमच्या घरात नावांची वही निघाली होती. सुचलेलं प्रत्येक नाव परीक्षेला बसायचं. पहिली परीक्षा गॅलरीत: तिथे उभं राहून, खाली मूल खेळतंय असं समजून आडनावासकट हाक. दुसरी शाळेतली हजेरी. तिसरी दवाखान्यातली, कारण तिथली बाई नाव नेहमी तोंडातल्या तोंडात पुकारते. चौथी रागाची. रागावताना नाव पुरायला हवं म्हणे. दोन अक्षरी नावात राग मावत नाही. समोरच्या इमारतीतल्या लोकांनी पहिले दोन दिवस खिडक्यांतून पाहिलं, नंतर तेही मत देऊ लागले. इंद्रायणीला तिकडून दोन मतं पडली.

मी सुचवलं, लग्नपत्रिकेतही वाचून बघ. ती म्हणाली, "अहो, तिथे काय बघायचंय? ही ओकच राहणार." त्यावर मी बोललो नाही. आमच्या लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं जे नाव मी लिहिलं ते माझ्या आईनं ठरवलेलं होतं. माहेरच्या नावानं हिला हाक मारणारी माणसं आता फारशी उरलेली नाहीत, आणि त्या नावाला ओक किती शोभत होतं हे ती कधी कोणाला सांगत नाही. ओकांच्या पोरीच्या नावासाठी ती एवढी का भांडते, हे मला तेव्हा थोडंफार कळलं. तेवढ्यात तिनं वहीतून आणखी तीन नावं खोडली.

चौथ्या दिवशी भाच्याचा फोन आला. नाव ठरलं होतं. सई.

"सई ओक?" हिनं फोन कानापासून लांब धरला. "अरे, दोन आणि दोन चार! चार अक्षरांत मुलगी संपली? आणि संधी केलास तर सयोक!"

भाचा तयारीनं बसला होता. "आत्या, बॅरिस्टर नाथ पै. सगळं मिळून तीन अक्षरं. राजापुरातून तीनदा लोकसभेवर गेले."

"त्यांच्या पुढे बॅरिस्टर होतं," ही म्हणाली. "हिला कर आधी बॅरिस्टर, मग ठेव सई." शिवाय ओकांत मोठं झालेलं नाव कसं असतं ते बघ, म्हणून तिनं 1881 साली 'बालबोध' मासिक काढणारे विनायक कोंडदेव ओक पुढे केले. चार, चार आणि दोन. आधी आठ अक्षरांची गाडी, मग गार्डाच्या डब्यासारखा शेवटी ओक. त्यात एक इंचही कमी करता येत नाही.

भाच्यानं मग एक चूक केली. घाई नाही, म्हणाला. कायदा 1969 चा आहे. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची, पण ती नावाशिवायही होते, नाव बारा महिन्यांत फुकट घालता येतं. हिला बारा महिने मिळाले! पुढे विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत नाव घालता येतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

सोडवणूक केली ती सुनेनं. बाराव्या दिवशी, पाळणा सजलेला, बायका घुगऱ्यांची वाट बघत बसलेल्या, आणि ही नाव सांगायला वाकायचं नाव घेईना. तेव्हा बाळंतीण शांतपणे म्हणाली, "आत्या, 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांची नावं शाळेत आणि सरकारी कागदांवर कशी लिहायची, ते महाराष्ट्र सरकारनं ठरवून दिलंय. मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. सई आणि ओक आता शेजारी येतच नाहीत. मध्ये आम्ही दोघं बसलोय. संधी होणार कशी?"

माझ्या बायकोला निरुत्तर झालेलं मी फार क्वचित पाहिलं आहे. ती हिशेब करत होती. मग तिचा चेहरा उजळला. ओकाला लागून कोणतं नाव येणार? वडिलांचं. आणि वडिलांचं नाव कोणी ठेवलं होतं? तिनं वळून सगळ्यांकडे पाहिलं, यश ठेवलं असतं तर आज काय झालं असतं ते पुन्हा एकदा सांगितलं, आणि पाळण्यात वाकून एका दमात सई म्हणून मोकळी झाली. धपाटे जरा जास्तच बसले. देणाऱ्यांत तिची भावजय पुढे होती.

आता ती सईचं नाव घेते ते चारही शब्दांत, खास करून पाहुण्यांसमोर. बारशाची चांदीची वाटीही तिनं तसंच नाव घालायला सराफाकडे नेली. सराफ म्हणाला, मावशी, नाव आणि आडनाव पुरे, कडेला एवढीच जागा आहे. ही ऐकेना. कड संपली, अक्षरं पोटावरून खाली उतरली आणि 'ओक' तळाला गेलं. तेव्हा चार शब्दांत नाव घालायचं असेल तर वाटी घेऊ नका, पातेलं घ्या.