उत्तरावस्थेतील पदार्थ : पुण्यातील आईचा ऋतुमानानुसार प्रवास

मराठी प्रवासवर्णनाचा इतिहास सांगताना विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथाला वगळून पुढे जाता येत नाही. पेणजवळच्या वरसई गावाहून निघालेले गोडसे भटजी १८५७ च्या धामधुमीत सापडले, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, वाटेत लुटले गेले आणि तरीही घरी परतले, आणि हा सारा वृत्तान्त १९०७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. या ग्रंथाची थोरवी मान्य करूनही एक गोष्ट नोंदवणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते, ती अशी की भटजींच्या सोबतीला काका होते, चार वर्षांचे मूल नव्हते. कोथरूडहून फर्ग्युसन रस्त्यापर्यंतचे पाचएक किलोमीटरांचे अंतर अशा मुलाला घेऊन, रविवारी सकाळी, केवळ न्याहारीच्या हेतूने पार करणाऱ्या आईचा प्रवास मराठी वाङ्मयात फारसा कोणी लिहिलेला नाही, आणि तो न लिहिला जाण्याचे कारण त्यात प्रसंगांची उणीव हे नसून, लिहायला लागणारा हात सदैव कोणाचे तरी तोंड पुसण्यात गुंतलेला असतो, हे आहे.

प्रस्तुत विवेचनात 'आई' ही संज्ञा मर्यादित अर्थाने वापरली आहे. जिच्या खांद्यावरील पिशवीत पाण्याची बाटली, बदलायचे कपडे, ओला रुमाल, बिस्किटांचा अर्धा पुडा आणि प्लास्टिकच्या डायनोसॉरचे तुटलेले शेपूट एवढा ऐवज कायम असतो, आणि हॉटेलात शिरताच जिची नजर पदार्थांच्या यादीआधी हात धुण्याच्या जागेकडे जाते, तिलाच येथे आई म्हटले आहे. वडील या प्रवासात अर्थातच सामील असतात. परंतु पुण्यात गाडी लावायला जागा शोधणे हा स्वतंत्र प्रवास असल्याने ते बहुधा बिलाच्या सुमारास पोहोचतात, आणि म्हणून त्यांचा विचार वेगळ्या प्रकरणात व्हावा हे उचित.

या विषयाचा पाया असलेला सिद्धान्त थोडक्यात असा मांडता येईल की हॉटेलातील प्रत्येक पदार्थाला दोन अवस्था असतात. पदार्थ टेबलावर येतो तेव्हाची, म्हणजे डोशाची कुरकुरीत, पुरीची फुगलेली आणि चहाची वाफाळलेली अशी जी अवस्था, तिला पूर्वावस्था म्हणावे. त्यानंतर डोसा चामट होतो, पुरी बसते आणि चहावर साय धरते, ती उत्तरावस्था. इतर ग्राहक पूर्वावस्थेत जेवतात. आई उत्तरावस्थेत जेवते, आणि वर्षानुवर्षांच्या सरावाने तिची जीभ या अवस्थेतील बारकावे ओळखण्यात इतकी तरबेज झालेली असते की गार इडली आणि अतिगार इडली यांतील भेद तिला डोळे मिटून सांगता येतो.

या सिद्धान्ताचा उत्तम पडताळा फर्ग्युसन रस्त्यावरील 'वैशाली'मध्ये घेता येतो. जगन्नाथ शेट्टी यांनी नावारूपाला आणलेल्या या उपाहारगृहातील 'एसपीडीपी' हा पदार्थ पुणेकरांच्या अनेक पिढ्यांना परिचित आहे. शेव, पोटॅटो, दही आणि पुरी या चार घटकांच्या आद्याक्षरांचे हे नाव असून त्यातला बटाटा तेवढा इंग्रजी आणि उरलेले तिघे मराठी कसे, याचे उत्तर भाषाशास्त्राने द्यायचे आहे. या पदार्थाचे मर्म असे की दही पडल्यापासून पुरी मऊ होईपर्यंत मोजकीच मिनिटे हाती असतात, आणि नेमक्या याच मिनिटांत 'आई, शू' हे दोन शब्दांचे निवेदन सादर होते. हे निवेदन घरातून निघताना तीनदा विचारूनही झालेले नसते, रांगेत उभे असताना झालेले नसते, प्लेन डोसा येईपर्यंतही झालेले नसते. बशी आईसमोर ठेवली जाण्याची वाट ते पाहत असावे, असा संशय घेण्यास बराच आधार आहे. आई परत येते तेव्हा पुरीने दह्यापुढे शरणागती पत्करलेली असते, शेवेचा ओला लगदा झालेला असतो आणि मागे उभे असलेले पुढचे ग्राहक त्या बशीकडे, ही बाई हे संपवणार कधी, अशा नजरेने पाहत असतात.

तरीही आई या जेवणाने तृप्त होते, आणि त्याचे कारण समजून घेण्यासाठी 'घरी होतं हे' या उद्गाराची फोड करावी लागते. वरवर पाहता ही तक्रार वाटते. चटणीत खोबरे कमी आहे, सांबार कालच्याहून पातळ आहे, एवढ्या पैशांत घरी डबाभर झाले असते, असे तिचे पोटप्रकारही आढळतात. परंतु वर्षातले जवळजवळ सर्व दिवस आपण केलेल्या स्वयंपाकाला इतरांनी ठेवलेली नावे जिने ऐकली, तिला एका सकाळी दुसऱ्याने केलेल्या सांबाराला नाव ठेवता येणे, आणि तेही नंतर भांडे न घासता, यात जे सुख आहे ते चटणीतल्या खोबऱ्यात कधीच नव्हते. 'घरी होतं हे' या वाक्याचा अन्वयार्थ 'पण आज घरी करायचं नाहीये' असा घ्यावा, आणि त्यावर वडिलांनी 'मग घरीच करत जा' असे म्हणू नये.

उन्हाळ्याची सहल बहुधा आमरसाच्या थाळीपर्यंत जाते. 'अनलिमिटेड' या शब्दाचा अर्थ मूल आईपेक्षा गंभीरपणे घेते, भाजीकडे ढुंकूनही न पाहता रसाच्या चार वाट्या रिचवते आणि पाचवी सदऱ्यावर घेते. लहान मुलाची अर्धी थाळी लावावी म्हणून आईने त्याचे वय हळू आवाजात एका वर्षाने घटवलेले असते, ते मूल खणखणीत आवाजात दुरुस्त करते. संध्याकाळी सदाशिव पेठेतील निंबाळकर तालमीजवळ मस्तानी प्यायची असते. मस्तानी म्हणजे आटीव, दाट, थंडगार दूध आणि त्यावर आइस्क्रीमचा गोळा. बाजीरावांच्या मस्तानीशी या पेयाचे नाते नेमके कसे जुळले यावर पुण्यात जितकी दुकाने तितकी मते आहेत. मूल चमच्याने गोळा खाते आणि पेला आईकडे सरकवते. उत्तरावस्थेत चव वाढणारा हा बहुधा एकमेव पदार्थ असल्याने त्याचे स्थान या शास्त्रात फार वरचे आहे.

पावसाळ्यात शहर सिंहगडाकडे वळते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीचा हा गड ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे यांनी प्राण देऊन घेतला. मावळे कड्यावरून चढले, आई मुलाला कडेवर घेऊन चढते, आणि या दोन शब्दांतले व्याकरणाचे अंतर पहिल्या दहा पायऱ्यांतच पुसले जाते. वर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातले दही असते. धुक्यात समोरचा माणूस दिसत नसताना भज्यांवर छत्री धरावी की मुलावर, हा पेच येथे दरवर्षी पडतो, आणि त्याचा निकाल भज्यांच्या विरोधात लागतो.

सारसबागेची सहल हिवाळ्यात करावी, त्यालाही कारण आहे. पूर्वी तळ्याच्या मध्यावर असलेल्या, आणि तळे आटल्यावरही 'तळ्यातला गणपती' म्हणवणाऱ्या या देवस्थानाची स्थापना १७८४ साली सवाई माधवराव पेशव्यांनी केली, त्या वेळी त्यांचे वय दहा वर्षांचे होते. म्हणजे हे स्थळ मुळात त्याच वयोगटाने उभारले आणि आजतागायत ते त्याच वयोगटाच्या ताब्यात आहे. थंडी पडली की येथील गणपतीला लोकरीचा स्वेटर आणि टोपी घालतात. 'बघ, बाप्पानं घातलाय की नाही?' या युक्तिवादाला मुलाजवळ उत्तर नसते, आणि पुण्यातील बालकांच्या स्वेटरांचा प्रश्न दरवर्षी याच गाभाऱ्यासमोर निकालात निघतो. शेजारच्या पेशवे पार्कात १९५६ सालापासून 'फुलराणी' ही छोटी आगगाडी धावत आली आहे, तिच्यात आजीही बसलेली असते. बाहेर भेळ आणि पावभाजीच्या गाड्यांची 'चौपाटी' आहे. पुण्यात चौपाटीला समुद्राची गरज लागत नाही, हे परगावच्या वाचकाने ध्यानात ठेवावे.

मात्र वरील सिद्धान्ताला एक ठळक अपवाद आहे, आणि तो सोलापूर किंवा नगर रस्त्यावरच्या शेतात, डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात भेटतो. रब्बीच्या ज्वारीचे कणीस कोवळे, दाणा दुधाळ आणि नुकता भरलेला असताना ते तोडतात, जमिनीत खड्डा करून त्यात गोवऱ्यांचा विस्तव केलेला असतो, ज्याला आगटी म्हणतात, तिच्यात ते भाजतात आणि गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे मोकळे करतात, हाच हुरडा. 'गूळभेंडी', 'सुरती' अशी हुरड्याच्या ज्वारीची नावे शेतकरी सांगतात, सोबत शेंगदाण्याची आणि लसणाची चटणी, गूळ, दही येते आणि वरून ताक पिण्याचा सल्ला वडीलधाऱ्यांकडून हमखास मिळतो. हुरडा गार झाला की चिवट होतो, त्यामुळे तो झाकून ठेवता येत नाही, 'नंतर खाईन' म्हणून बाजूला सारता येत नाही आणि डब्यात भरून नेण्यात अर्थ उरत नाही. त्याला उत्तरावस्थाच नाही. शिवाय मूल पहिला घास तोंडात घालते, 'हे हिरवं का आहे?' असे विचारते आणि बैलगाडीकडे पळून जाते, वडील त्याच्यामागे धावतात, कारण शेतात गाडी लावायला जागाच जागा असल्याने त्या दिवशी ते वेळेवर हजर असतात. आगटीपाशी आई उरते. चोळणारा माणूस तिच्या पत्रावळीवर मूठ मूठ टाकत जातो, ती ऊन ऊन खात जाते, आणि 'घरी होतं हे' असे त्या दिवशी ती एकदाही म्हणत नाही.

हुरड्याचा हंगाम मात्र दोन-तीन महिन्यांत संपतो आणि उरलेले वर्ष पुन्हा फर्ग्युसन रस्त्यावर काढावे लागते. म्हणून वाचकांना विनंती अशी की तेथे शेजारच्या टेबलावरचे मूल चुळबुळ करू लागले, तर त्याच्याकडे पाहून दोन मिनिटे तोंड वेडेवाकडे करावे. तेवढ्या वेळात एक एसपीडीपी पुरी मऊ होण्याआधी खाऊन होते.