पातेबहाद्दर

मूलला राईस मिली आहेत, तालुक्यात जंगल आहे, जंगलात वाघ आहे आणि गावात पातेबहाद्दर आहे. वाघ कधीमधी दिसतो, हा रोज दिसतो. चाळिशीतला, पगारदार, कमरेला चामड्याचं म्यान आणि म्यानात हातानं घडवून घेतलेली सुरी.

सुरी घडते गावच्याच भट्टीवर, ट्रकच्या मोडक्या पाट्यापासून. या पोलादाचे विळे-कोयते लोहार पूर्वीपासून करतात. नवं आहे ते याचं भट्टीशेजारी स्टूल टाकून बसणं. हातात लोहचुंबक. साधारण ७७० अंशांपुढे चुंबक चिकटेनासा होतो. मग आणखी थोडं तापवून तेलात बुडवायचं आणि ठिसूळपणा जावा म्हणून २०० अंशांच्या आसपास पुन्हा शेकायचं. हे सारं तो लोहाराला समजावून सांगतो. लोहार ऐकून घेतो आणि विचारतो, "सर, लाकूडच फोडाचं आहे त कुऱ्हाड काहून नाही नेत?" सर दयेनं हसतात. लोहारही हसतो आणि कुऱ्हाडीच्या दुप्पट भाव सांगतो.

मग परीक्षा सुरू. पहिली हातावरच्या केसांची. मुरलेला पातेबहाद्दर डाव्या मनगटावरून ओळखावा, तिथं केस शिल्लक नसतात. दुसरी कागदाची, त्याच्या घरचे लोक पेपर पट्ट्या जुळवून वाचतात. तिसरी रानातली, आणि तिथंच घोडं अडतं. राखीव जंगलात झाड तोडणं, जाळ करणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा, आणि वाघाला पोलादाच्या जातीत रस नाही. मोह वेचायला भल्या पहाटे याच जंगलात शिरणाऱ्या बायांना टोपल्यावर भागवावं लागतं. त्यांची परीक्षा कोणी हौसेनं घेत नाही. आपल्या गड्याचं रान म्हणजे राईस मिलमागचा पडीक तुकडा, मोटारसायकल नजरेत राहील एवढ्या अंतरावर.

तिथं तो धावड्याचा वाळका ओंडका उभा करतो. कुऱ्हाडीला दांडा बसवतात ते हे चिवट लाकूड. त्यावर पातं टेकवून वरून दांडक्यानं ठोकतो. पातं अर्धं आत जातं आणि मुक्काम ठोकतं. मग ओंडक्यासकट आपटणं, पाय देऊन ओढणं, कोणी बघत नाही ना ते बघणं. सुरी सुटली की एक डोळा मिटून उन्हात धार न्याहाळायची. दाता पडलेला नाही! पोरगं दहावी पास झालं तेव्हाही त्याचा चेहरा इतका उजळला नव्हता. मग काडीला छिलक्यांचा तुरा काढून त्यावर चकमकीच्या ठिणग्या पाडायच्या. ठिणग्या भरपूर पडतात. जाळ शेवटी खिशातली काडेपेटी करते, पण ती हिशेबात धरायची नसते.

पातं मात्र नऊ इंचांच्या आत ठेवतो. शस्त्र नियमांची ही मर्यादा त्याला तोंडपाठ आहे.

सुरी चांगली आहे यात वाद नाही, फक्त तिला काम नाही. बायकोनं फणस कापायला मागितली तर चीक लागेल म्हणून मिळत नाही. नारळाला धार जाते, आणि कांदा चिरणं हा तर अपमानच. त्याच्याकडून जेवायचं बोलावणं आलं तर खुशाल जा. भाजी विळीवरच चिरलेली असते. फक्त जेवण होण्याआधी सुरीचा विषय काढू नका.