नियोजित

आमच्या विज्ञानपत्रिकेचं नाव 'नियोजित' होतं. ठेवलं नव्हतं, पडलं. १९९५च्या जुलैत अंबाजोगाईला, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात, नाव ठरवायला बैठक बसली. तीन तासांत एकमत झालं ते एवढ्यावरच, की चहा कुणीतरी सांगावा. 'अंकुर'ला भौतिकवाल्यांची हरकत, 'अणुरेणू'ला वनस्पतिशास्त्राची, आणि 'विज्ञानदीप' म्हटलं की लाईट जायची. शेवटी ठरलं, पहिल्या अंकावर जागा मोकळी सोडायची आणि खाली कंसात 'नाव नियोजित' असं टाकायचं. टायपिस्टसाहेबांना मोकळी जागा बघवत नसे. त्यांनी ती भरून काढली, 'नाव' गाळलं, आणि 'नियोजित' तेवढं मधोमध, अधोरेखित करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पोरं विचारायला लागली, "नियोजित आलं का रे?"

आमच्या जिल्ह्याला हा शब्द काही परका नाही. अहमदनगर-बीड-परळी रेल्वेही नियोजितच होती. ती बीडपर्यंत खरोखर धावली १७ सप्टेंबर २०२५ला, तोवर आमच्या वर्गातल्या निम्म्यांचे केस गेले होते. त्या मानानं आमची पत्रिका म्हणजे राजधानी एक्स्प्रेस. ठरल्यापासून अवघ्या तीन आठवड्यांत निघाली.

प्रकाशनाला एका सरांनी भाषण केलं. विद्यार्थ्यांनी विज्ञानाचं मासिक काढणं ही आपली जुनी परंपरा आहे, म्हणाले. आणि ते खरं होतं. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी साहित्य आणि विज्ञानासाठी आपली एक सभा काढली. तिच्या मराठी शाखेचं नाव ज्ञानप्रसारक सभा. १८५०पासून तिचं 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघू लागलं. त्या पोरांनी मासिकावर न थांबता मुलींच्या शाळाही काढल्या. त्यांच्यात दादाभाई नौरोजी होते. आमच्यात घाटनांदूरकर होता. घाटनांदूरकर हे त्याचं आडनाव नव्हे, घाटनांदूरचा म्हणून घाटनांदूरकर. तो सहसंपादक. मी संपादक, कारण माझं अक्षर बरं होतं.

मला मात्र वाटतं, परंपरेसाठी मुंबईपर्यंत जायची गरजच नव्हती. दासोपंत आमच्याच गावचे. सोळाव्या शतकात त्यांनी कापडावर पासोडी लिहिली, चाळीस हात लांब आणि चार हात रुंद. विषय पंचीकरण : पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश एकमेकांत मिसळून ही सृष्टी कशी झाली. आता पदार्थाच्या घडणीवर चाळीस हात कापड लिहून काढणं हे विज्ञानाचं भित्तिपत्रक नाही तर काय? शिवाय त्यांच्या कामात टायपिस्ट नव्हता.

टायपिस्टसाहेबांबद्दल माझं काही वाईट म्हणणं नाही. दोष असेल तर स्टेन्सिलचा. ज्यांनी सायक्लोस्टाईल पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मेण चढवलेला पातळ कागद टायपरायटरला लावायचा, रिबन बाजूला सारायची आणि अक्षरं ठोकायची. जिथं ठोका बसेल तिथलं मेण सरकतं आणि तेवढ्यातून शाई झिरपते. ठोका हलका पडला तर अक्षर उमटत नाही. जोरात पडला तर ठ, व, शून्य अशा पोटाच्या अक्षरांचं पोटच गळून पडतं आणि कागदावर काळा ठिपका येतो. चूक झाली तर नेलपॉलिशच्या वासाचं लाल औषध लावून फुंकर मारत बसायचं. मग तो कागद ड्रमवर चढवायचा, हँडल फिरवायचं. शंभर प्रती काढेपर्यंत कोपरापर्यंत शाई. घरी आई म्हणायची, "कॉलेजात जातोस का गॅरेजात?"

पहिल्या अंकात माझाच लेख होता, प्रकाशावर. प्रकाशाचा वेग मी हातानं व्यवस्थित लिहून दिला होता : सेकंदाला ३ गुणिले १० आणि त्या १०च्या डोक्यावर बारीक ८, मीटर. टायपरायटरला डोक्यावर बसवायची सोय नव्हती. साहेबांनी ८ खाली उतरवून शेजारी बसवला. छापून आलं : ३ गुणिले १०८. म्हणजे ३२४ मीटर. आता हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. आमच्या अंकात प्रकाश आवाजापेक्षा मागे पडला. पहिल्या वर्षाच्या एका पोरानं मला व्हरांड्यात गाठून अगदी नम्रपणे विचारलं, "सर, मग आपल्या अंबाजोगाईत आधी गडगडाट होतो आणि मागून वीज चमकते का?" मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी 'सर' म्हणालं ते हे.

दुसऱ्या अंकात शुद्धिपत्र दिलं. या वेळी मी शेजारी उभा राहिलो. साहेबांनी रोलर किंचित मागं फिरवून ८ वर चढवला. पण तो इतका वर गेला की थेट वरच्या ओळीत जाऊन बसला. वरची ओळ आभाराची होती. छापून आलं : 'मा. प्राचार्यांचे ८ मार्गदर्शन लाभले.' प्राचार्यांनी बोलावून घेतलं. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "मला पाचच आठवतात."

शुद्धिपत्राचं शुद्धिपत्र तिसऱ्या अंकात आलं, आणि तेव्हा आम्हांला एक शोध लागला. लेख कुणी वाचत नव्हतं, शुद्धिपत्र सगळे वाचत होते. अंक हातात पडला की पोरं थेट शेवटचं पान काढायची. कँटीनमध्ये त्याचं जाहीर वाचन व्हायचं. प्राध्यापकांच्या खोलीतून हसण्याचा आवाज यायचा. एरवी त्या खोलीतून घोरण्याशिवाय काही ऐकू येत नसे.

लेख मिळवणं हा वेगळाच व्याप. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावानं आणि पत्नीच्या हस्ताक्षरात. आपल्या नावाचा वशिला नको म्हणून. म्हणजे त्यांनी स्वतःची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर पाठवली. आमच्याकडे बरोबर उलटी पद्धत होती.

अशात २१ सप्टेंबर उजाडला. गुरुवार. गणपती दूध पिऊ लागले. दुपारपर्यंत गावात दूध मिळेना, कँटीनचा चहा काळा झाला. आम्ही विशेषांक काढायचं ठरवलं. स्पष्टीकरण साधंच होतं. काठोकाठ भरलेला चमचा मूर्तीला टेकवला की पृष्ठताणामुळं दूध मूर्तीकडे ओढलं जातं आणि पातळ थर होऊन अंगावरून खाली ओघळतं. पांढऱ्या मूर्तीवर ते दिसत नाही, आपल्याला वाटतं प्याले. रंगीत दूध घेतलं की ओघळ दिसतो. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनीही तसंच दाखवलं होतं. पण आम्हांला स्वतः करून बघायचं होतं. मूर्तीला हात लावायचा नाही, असं भौतिकवाल्या सरांनी बजावलं. प्रयोगशाळेत गोल, गुळगुळीत असं दुसरं काय? सरांच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट. आत निळं-पिवळं फूल असलेला.

घाटनांदूरकरनं घरून अर्धा पेला दूध आणलं, त्यात लाल शाईचे चार थेंब टाकले. चमचा भरला, पेपरवेटला टेकवला, जरासा कलता केला. दूध खरंच सरकलं. चमच्यात दुधाची कड पेपरवेटकडे ताणली गेली, क्षणभर थरथरली आणि काचेवरून गुलाबी ओघळ खाली उतरला, टेबलावरच्या हजेरीपटाखाली गेला. चमचा रिकामा. आम्ही टाळ्या वाजवल्या. दाराशी शिपाईमामा उभे होते. त्यांना आम्ही ओघळ दाखवला, हजेरीपट उचलून खालचं तळं दाखवलं, पृष्ठताण समजावून सांगितला. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "हाव, बरोबर हाय तुमचं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळा उघडली तर पेपरवेटपुढं जास्वंदीचं फूल आणि चिमूटभर साखर. मामा झाडू घेऊन आले, तेव्हा चपला दाराबाहेर काढून आले. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "तुमचा पृष्ठताण असू द्या की. पण पिला तर होता." त्या दिवसापासून सर हजेरीपटावर दगड ठेवू लागले.

दिवाळी झाली आणि वर्ग विरळ झाले. ज्यांच्या घरचे ऊसतोडीला जातात, त्यांतली काही पोरं दरवर्षी जायचीच. धारूरकडचा आमचा एक वर्गमित्र आईबापाबरोबर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्यावर गेला. डिसेंबरात त्याचं आंतरदेशीय पत्र आलं. बारीक अक्षरात चारी बाजू भरून लेख. मथळा : 'उतारा का घटतो?' वजनकाट्यापुढं बैलगाड्यांची रांग लागते, पहाटे तोडलेला ऊस संध्याकाळपर्यंत गाडीतच उभा असतो. ऊस वाळतो तसं वजन कमी भरतं, आणि वजनावरच तर तोडणीचे पैसे. शिवाय तोडलेल्या उसात सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होत जातं. त्याची दाणेदार साखर धरत नाही, म्हणून उतारा पडतो. 'पाणी उडतं ते आमचं, साखर फुटते ती कारखान्याची, पण रांगेत बैल आमचेच,' असं शेवटी होतं. वर्षभरात आमच्याकडे आलेला हा एकच लेख, ज्यात लिहिणाऱ्यानं आपण काय लिहितोय ते पाहिलेलं होतं. रसायनवाले सर तो दोनदा वाचून म्हणाले, "हे तिसऱ्या वर्षाला आहे, याला आत्ताच कसं कळलं?"

तपासायला तो मराठीच्या सरांकडे गेला. त्यांनी फक्त मथळा पाहिला आणि लेख अंधश्रद्धा निर्मूलनाच्या पानावर टाकला, लिंबू-बिब्ब्याच्या शेजारी. शुद्धिपत्रात आम्ही खुलासा केला : 'उतारा म्हणजे तिठ्यावरचा नव्हे, साखरेचा.' तो अंक त्याला पोस्टानं पाठवला. एप्रिलात परत आला तेव्हा म्हणाला, "फडात सगळ्यांनी वाचलं. निम्म्यांचं म्हणणं, दोन्ही उतारे सारखेच, उचलून नेणारा दुसराच असतो."

मग २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. शेवटचा अंक. घाटनांदूरकरच्या डोक्यातून कल्पना निघाली : लोक चुकाच वाचतात ना, मग चूकच देऊ. अंकात मुद्दाम एक चूक घालायची आणि मथळ्याखाली छापायचं : 'चूक शोधा, चहा मिळवा.' कँटीनवाल्या काकांना सांगून ठेवलं, अमुक पानावरची चूक सांगेल त्याला एक चहा, आमच्या खात्यावर. खर्च दीड रुपया.

अंक सकाळी दहाला वाटला. अकरा वाजता कँटीनपुढं रांग लागली. एकानं दाखवलं, रामन परिणामाचा शोध १९८२ साली लागल्याचं छापलंय. सी. व्ही. रामन वारले १९७० साली, शोध १९२८चा. दुसऱ्यानं दाखवलं, बेडकाच्या हृदयाला चार कप्पे दिलेत, असतात तीन. शिपाईमामांनी बुधवारच्या जागी रविवार पकडला. मराठीच्या सरांनी ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा चुकांवर लाल खुणा केलेला अंक आणला आणि अकरा चहा मागितले. त्यांतले चार प्याले, बाकीचे विभागाला पाठवले. दुपारपर्यंत तेवीस चहा झाले. काकांनी वहीतून डोकं वर काढलं. "पोरहो, खरी चूक कोणती हाय ते तरी सांगा. म्हंजे बाकीच्याला नाही म्हणता येईल."

मी घाटनांदूरकरकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता.

"कुठं घातली होतीस?" मी विचारलं.

"मी?" तो म्हणाला. "संपादक तू हायस. मला वाटलं, तू घातलीस."