मागचा आरसा

केस कापून झाले की सलूनमध्ये एक छोटा विधी असतो. कारागीर गळ्याभोवतीचं कापड झटकतो, मानेवर पावडरचा ब्रश फिरवतो आणि हातातला आरसा आपल्या डोक्यामागे धरतो. आधी डावीकडून, मग उजवीकडून. समोरच्या मोठ्या आरशात हा मागचा आरसा दिसतो आणि त्यात आपली मान. यावर गिऱ्हाइकाने 'छान' म्हणून मुंडी हलवायची असते. मी चाळीस वर्षं हलवतो आहे. 'नाही आवडलं, पुन्हा चिकटवा' असं म्हणणारा माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही.

परवा मुंडी हलवता हलवता थांबलो. मागच्या आरशात एक चकचकीत गोल दिसला. रुपयाएवढा म्हणणार होतो, पण खरं सांगायचं तर बशीएवढा. वाटलं, दिव्याचा उजेड असेल. मी डोकं हलवलं, तर तोही हलला.

"हे काय रे?"

पोरगा भला होता. "लाइट आहे काका इथला," म्हणाला.

घरी आलो तेव्हा बायको मेथी निवडत होती. तिला विचारलं. मान वर न करता म्हणाली, "अहो, सात वर्षं झाली त्याला. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

सात वर्षं! म्हणजे लोकलमध्ये माझ्यामागे लोंबकळणारे, नाटकाला मागच्या रांगेत बसलेले, वीजबिलाच्या रांगेत माझ्या डोक्याकडे बघत वेळ काढणारे, या सगळ्यांना माझ्याविषयी जे ठाऊक होतं ते मला नव्हतं. आणि मी रोज सकाळी पुढच्या केसांचा भांग रेषेत आला की नाही हे बघण्यात पाच मिनिटं घालवत होतो.

अशा वेळी नारद आठवतो. राजकन्येच्या स्वयंवराला जायचं म्हणून त्याने विष्णूकडे हरीचं रूप मागितलं. हरी म्हणजे विष्णू, तसंच हरी म्हणजे वानरही. देवाने शब्दाला जागून वानराचं तोंड दिलं. लहानपणी आम्ही हसायचो ते शेवटाला, नारद पाण्यात स्वतःचं तोंड बघतो तिथे. आता वाटतं, गोष्टीतली खरी गंमत त्याच्या जराशी आधी आहे. नारद मंडपात बसलाय, राजकन्या हार घेऊन येतेय, आणि हा मान किंचित पुढे काढून तयार. अख्ख्या मंडपाला दिसतंय, फक्त यालाच नाही. पण त्या घटकेला तिथे त्याच्याइतका देखणा, निदान त्याच्या लेखी, दुसरा कोणी नव्हता. त्याला हे सुख एका स्वयंवरापुरतं मिळालं, मला सात वर्षं. देवाची माझ्यावर जास्त मर्जी म्हणायची.

बरं, मागचं सोडा. पुढचं तरी कुठे धड ठाऊक असतं? आरशात आपण पाहतो तो चेहरा उलटा. डाव्या गालावरचा तीळ आरशातल्या माणसाच्या उजव्या गालावर असतो आणि तोच माणूस म्हणजे आपण, अशी आपली जन्मभर खात्री असते. म्हणून फोटो आला की दचकायला होतं: भांग भलतीकडे, एक भुवई खाली, हसू वाकडं. १९७७ साली अमेरिकेत मीता, डर्मर आणि नाइट या तिघांनी एक साधा प्रयोग केला. काही तरुणींना त्यांचाच फोटो दोन प्रकारे दाखवला, एक सरळ आणि एक आरशात दिसतो तसा उलटा. त्यांना स्वतःला बहुतेक वेळा उलटा फोटो आवडला. त्यांच्या मैत्रिणींना सरळ आवडला. ज्याला ज्या चेहऱ्याची सवय, त्याला तो बरा वाटतो. म्हणजे बायको इतकी वर्षं ज्या माणसाबरोबर संसार करते आहे, त्याला मी एकदाही समोरासमोर भेटलेलो नाही. तो बरा असावा. तिची तक्रार असते, पण ती घोरण्याबद्दल.

टकलाला अध्यात्म लावूनही बघितलं. चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवलं आणि उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या, ही कथा आपल्याकडे पोराटोरांना माहीत असते. त्या ओव्यांमध्ये आरशाचा दृष्टांत आहे. आरसा समोर धरला की तोंड तोंडालाच बघतं, आणि आरसा नसला तरी तोंड असायचं ते असतंच. या न्यायाने मी पाहण्याआधीही टक्कल होतंच. बायकोने मेथी निवडताना हेच सांगितलं होतं, पण तिने त्याला एकच ओळ लावली.

माझ्या आजीला आरशाचा असा सोस नव्हता. तिची फणेरपेटी होती. आत फणी, मेणाची डबी, कुंकवाचा करंडा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा. त्याचा पारा उडालेला होता. चहूकडून काळे डाग सरकत आले होते आणि मधे दोन बोटं जागा तेवढी स्वच्छ राहिली होती. त्या दोन बोटांत ती कपाळाचा मधला भाग आणायची, मेण लावायची, त्यावर रुपयाएवढं कुंकू, आणि झाकण बंद. बाकीचा चेहरा तिने त्या पेटीत कधी बघितलाच नाही. बघून करायचं काय होतं, असं तिनेच विचारलं असतं.

'पारा उडाला' हे आपण अजून म्हणतो, त्याचीही मजा आहे. पूर्वी काचेच्या पाठीला कथलाचा पातळ पत्रा आणि पारा लावत. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ला आपल्या वर्तमानपत्राचं नाव 'दर्पण' ठेवलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोरचा काचेचा आरसा पाऱ्याचाच असणार. काचेवर चांदीचा लेप देण्याची रीत लीबिग या जर्मन रसायनज्ञाने शोधली ती १८३५ साली, म्हणजे 'दर्पण' निघाल्यावर तीन वर्षांनी. पुढे आरशातला पारा गेला, भाषेतला राहिला. आता तो फक्त चढतो.

रात्री आरशात बघू नये, तिन्हीसांजेला केस विंचरू नयेत, हे आजीचे नियम. मुंबईत आल्यावर इराण्याच्या हॉटेलात भिंतीभर आरसे बघून वाटलं, सुटलो. तर तिथेही पाटी: केस विंचरू नये. आजी आणि इराणी यांचं एवढ्या एका बाबतीत एकमत होतं.

गेल्या रविवारी मी एक प्रयोग करून पाहिला. गॉम्ब्रिच या कलेच्या इतिहासकाराने 'आर्ट अँड इल्यूजन' या १९६० सालच्या पुस्तकात तो सांगितला आहे. न्हाणीघरातल्या आरशावर वाफ धरली की एक डोळा मिटायचा आणि आपल्या चेहऱ्याच्या कडेने बोट फिरवायचं. मी फिरवलं. मग बायकोची शिवणाची टेप आणून मोजलं: हनुवटीपासून टाळूपर्यंत साडेअकरा सेंटिमीटर. माझं खरं डोकं तेवीस भरतं. मागे सरकून पाहिलं, पुढे जाऊन पाहिलं, आकडा तोच. आरसा नेहमी आपल्या आणि प्रतिबिंबाच्या बरोबर मध्यावर उभा असतो, म्हणून त्याच्यावर आपण निम्मेच उमटतो. इतकी वर्षं रोज समोर असून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. टेप गळ्यात अडकवून मी एक डोळा मिटून उभा, आणि दारात बायको.

"आरशावर बोटं कशाला उमटवताय?"

तिने टॉवेलच्या टोकाने साडेअकरा सेंटिमीटरचा मी पुसून टाकला. आरशाच्या कडेला तिच्या तीन टिकल्या कायम चिकटवलेल्या असतात, त्या तेवढ्या सांभाळल्या. ती गेल्यावर मी जरा डावीकडे सरकलो, गुडघे थोडे वाकवले. त्यातली एक बरोबर माझ्या कपाळावर आली. चेहरा निम्मा, टिकली पुरी, त्यामुळे ती दुप्पट दिसत होती. अगदी आजीच्या कुंकवाएवढी.